औषधाची जाळी

बारावीच्या प्रॅक्टिकलला मी कॉपी केली होती, हे माझ्या बायकोला ठाऊक आहे. लग्नाआधी एका मुलीला वर्षभर झुलवत ठेवलं होतं, तेही तिला ठाऊक आहे. भांडण झालं की ती ते बाहेर काढते. पण मंसाराम मामांची गोष्ट तिला ठाऊक नाही. कुणालाच नाही. आज तुम्हाला लिहून सांगायला बसलो आहे. का, ते विचारू नका, मलाही नीट सांगता यायचं नाही.

मी दातांचा डॉक्टर. नेमकं सांगायचं तर हिरड्यांचा. अर्जुनी मोरगावला माझा दवाखाना आहे, आणि नवेगाव बांधापासून पार जंगलातल्या गावांपर्यंतची माणसं माझ्याकडे येतात. आमच्या धंद्याची एक मोठी सोय असते: समोरच्याचं तोंड उघडं असतं आणि त्याला बोलता येत नाही. वकिलाला, मास्तरला ही सोय नाही. आम्ही आपलं बोलत राहायचं, पेशंटनं डोळ्यांनी हो म्हणायचं. त्या सोयीचा मी एकदा गैरफायदा घेतला, असं म्हणून मला सुटता आलं असतं. पण ते खरं नाही. मामा बोलले होते. मी हातातली हत्यारं बाजूला घेतली होती, आणि ते स्पष्ट बोलले होते.

थांबा, आधी ती जाळी काय ते सांगतो. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

हिरडी वर्षानुवर्षं सुजलेली राहिली की दाताभोवतीचं हाड झिजतं. मुळाशी खड्डा पडतो आणि दात हलायला लागतो. तो खड्डा साफ केला की भरून येतो खरा, पण कशानं? हाड वाढतं मुंगीच्या चालीनं, आणि हिरडीचं कातडं भराभर. कातडं आधी आत उतरून जागा बळकावतं, हाड बिचारं तसंच राहतं. म्हणून दोघांच्या मध्ये एक पातळ पडदा ठेवायचा. आम्ही त्याला जाळी म्हणतो. ती कोलॅजेनची असते. आपलं कातडं, हाडं, सांधे ज्या धाग्यांनी बांधलेले असतात, तेच हे कोलॅजेन. काही महिन्यांत ती जाळी अंगातच विरून जाते, तोवर हाडानं आपली जागा धरलेली असते. पेशंटला मी सांगतो, धानाचा रोवणा व्हायच्या आधी पऱ्ह्यांच्या कोवळ्या रोपांना काट्या लावता की नाही, गुरं आत शिरू नयेत म्हणून? तसंच हे. लगेच कळतं त्यांना.

आता हे कोलॅजेन काढतात कशातून? गाईच्या कातड्यातून, डुकराच्या, नाहीतर माशाच्या. पूर्ण कृत्रिम जाळीही मिळते, पण ती नागपूरहून मागवावी लागते. मी दवाखान्यात माशाचीच ठेवायचो, आणि त्यात मला माझी हुशारी वाटायची. गाय म्हटलं तर अर्धे लोक खुर्चीतून उठून जातील, डुक्कर म्हटलं तर उरलेले. पण या तलावांच्या मुलखात मासोळीला नाही कोण म्हणतं? कुणी विचारलं की मी ऐटीत सांगायचो, मासोळीची आहे. लोक हसायचे. 'मंग तं आपलीच हाये जी!' म्हणायचे आणि तोंड उघडायचे.

इतकं सोपं होतं खरं बोलणं. हे लक्षात ठेवा. मला खोटं बोलायची सवय नव्हती. त्या दिवसाआधी कधी गरजच पडली नव्हती.

मंसाराम मामा जातीनं ढीवर. नवेगावच्या बांधावर, म्हणजे तिथल्या मोठ्या तलावावर, त्यांनी तीस वर्षं जाळं टाकलेलं. माझ्याकडे आले तेव्हा साठीच्या आसपास असतील. हडकुळे, काळेभोर, हाताची बोटं दोरीनं कापून कापून जाड झालेली. खालची डावी दाढ हलत होती. आल्या आल्या म्हणाले, "काहाडून टाका जी. मले काही तिची गरज नाई."

काढून टाकायला हवी होती. माणूस स्वतः म्हणत होता ना? पाच मिनिटांचं काम होतं. पण मी एक्स-रेचा फोटो काढला आणि मला मोह झाला. दाढेच्या मागच्या बाजूला हाडात खड्डा होता. तिन्ही बाजूंनी हाड उभं आणि मध्ये पोकळी, अगदी पुस्तकात छापतात तसा. असा खड्डा जाळीनं हमखास भरतो. आणि सात महिन्यांनी नागपूरला आमच्या हिरडीवाल्या डॉक्टरांची बैठक होती, तिथं मला एक केस मांडायची होती. आधीचा फोटो, सहा महिन्यांनंतरचा फोटो. कॉलेजातले आमचे सर तिथं येणार होते. मी गावाकडे परत जातो म्हणालो तेव्हा हेच सर म्हणाले होते, जा, जन्मभर दात उपटत बस. त्यांना मला दाखवायचं होतं. बस, इतकंच होतं ते. त्यासाठी मी मामांना तीन वेळा समजावलं, दात वाचतो, देवानं दिलेला दात कशाला काढता, मी आहे ना. शेवटी मामा म्हणाले, "तुमी एवढं मनता तं करा मंग."

कागदावर सही घेतली. कागद इंग्रजीत होता. कशाची जाळी ते त्यात लिहिलं होतं, पण तो कुणी वाचत नाही, आणि मीही वाचून दाखवला नाही. ढिवराला काय विचारायचं, मासोळी चालते का म्हणून?

ऑपरेशनच्या दिवशी मामा खुर्चीत आडवे झाले. मी इंजेक्शन दिलं. गळ्याशी कपडा बांधायला त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण काढलं, आणि मला कंठी दिसली.

आमच्याकडे कंठी म्हणजे काय ते पोरासोरांनाही माहीत असतं. गळ्याला लागून बांधलेली तुळशीच्या मण्यांची माळ. गुरूकडून ती घेतली की मांस, मासोळी, दारू — सगळं सुटलं, मरेपर्यंत. मी बघतच राहिलो. मामांच्या ते लक्षात आलं. बधिरपणा चढेपर्यंत दहा मिनिटं थांबायचं असतं, त्या वेळात त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांची बायको सगुणा फार दिवस आजारी होती. शेवटच्या वर्षी तिनं कंठी घेतली आणि यांनाही घ्यायला लावली. हे आधी हसले होते तिला, ढिवरानं कंठी घ्यायची तर खायचं काय? पण ती हट्टाला पेटली. तिच्या खाटेशी बसून यांनी गळ्यात कंठी बांधून घेतली आणि तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. चार महिन्यांनी ती गेली. यांनी जाळं भावाला देऊन टाकलं आणि शिंगाड्याची शेती धरली.

"नऊ वर्सं झाले जी," मामा म्हणाले. जीभ जड होत चालली होती त्यांची. "पयल्या वर्सी बाजारातून जाताना नाक दाबून जाऊ मी. आता मासोरीची टोपली बाजूनं गेली तरी मन ढरत नाई."

केवढ्या अभिमानानं सांगत होते. आणि माझ्या हाताशी, ट्रेमध्ये, ती डबी ठेवलेली होती.

मग त्यांनी विचारलं, "ही जारी कायची हाये जी?"

अजून काही बिघडलं नव्हतं. मी हिरडीला चाकूसुद्धा लावला नव्हता. म्हणायचं होतं, मामा, ही तुम्हाला चालणारी नाही, आठ-दहा दिवसांनी या, दुसरी मागवतो. पण मी मनातल्या मनात महिने मोजले. आज नाही झालं तर सहा महिन्यांचा फोटो बैठकीच्या आत निघेल की नाही? थोडा उशीर, एखादी सुट्टी, मामांनी परत यायला टाळाटाळ केली तर? आणि मी म्हणालो, "औषधाची."

औषधाची जाळी! असं काही नसतं. पण मामांना तो शब्द पुरला. त्यांनी मान हलवली आणि तोंड उघडलं.

तुम्हाला वाटेल, हेच ते पाप. मलाही वाटलं असतं तर बरं झालं असतं. खोटं बोलणारे डॉक्टर पैशाला पासरी मिळतील. पण मी जे केलं ते याच्या पुढचं आहे. आणि ते लिहायची वेळ आली तसा मी हा तिसऱ्यांदा उठून पाणी पिऊन आलो.

हिरडी उघडली, खड्डा खरवडून स्वच्छ केला, त्यात कृत्रिम हाडाची पूड भरली. जाळी मापात कापली आणि मिठाच्या पाण्यात भिजवली. भिजली की ती मऊ होते. चिमट्यात धरून मी ती मामांच्या तोंडाशी नेली, आत बसवली, कडा सारख्या केल्या. तेवढ्यात मामांनी हात वर केला. हात वर केला की थांबायचं, असं आमचं ठरलेलं असतं. मी मागे झालो. त्यांनी थुंकी गिळली, अर्ध्या बधिर ओठांनी, अडखळत म्हणाले —

"मासोरीचा वास येऊन राहिला जी."

मी त्या जाळ्या वर्षानुवर्षं हाताळल्या आहेत. मला कधी वास आला नाही. कुणालाच येत नाही, इतक्या धुतलेल्या, शुद्ध केलेल्या असतात त्या. पण तीस वर्षं मासोळीत काढलेलं ते नाक होतं. त्या नाकानं मला पकडलं. मी घाबरलो. चोराला पकडल्यावर तो काय करतो? 'चोर, चोर' म्हणून दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मी हसलो आणि म्हणालो, "मामा, वास इथं कुठंच नाही. तीस वर्षं मासोळ्या मारल्या तुम्ही, वास तुमच्या मनात बसला आहे. गळ्यात कंठी पडली म्हणून मनातला वास जातो का?"

हे मी बोललो. शब्दन् शब्द असाच. मला आठवतो आहे.

मामांनी डोळे मिटून घेतले. पुन्हा हात वर केला नाही. मी टाके घातले. त्यांच्या डोळ्याच्या कडेनं पाणी कानाकडे उतरत होतं. मी म्हटलं, दिवा डोळ्यांवर येत असेल, आणि दिवा जरा बाजूला केला. काम फार सुबक झालं होतं, हेही सांगतो. मी खूश होतो त्या दिवशी.

टाके काढायला मामा आले. महिन्यानं पुन्हा आले. सहा महिन्यांनी मी फोटो काढला, खड्डा हाडानं भरून आला होता. मी नाचायचाच बाकी होतो. मामांना पडद्यावर दाखवलं, बघा, इथं पोकळी होती, आता बघा. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "तुमी त्या दिवशी बरोबर बोल्ले जी."

काय बरोबर बोललो, हे मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. पौर्णिमेच्या भजनात ते खंजिरी वाजवायचे, पुढं बसायचे. ते त्यांनी सोडलं होतं. गुरूंना जाऊन सांगितलं होतं, की नऊ वर्षं मी लोकांना फसवत होतो, माझं मन अजून पाण्यातच आहे, दवाखान्यात औषधातसुद्धा मला मासोळीचा वास आला. गुरू म्हणाले, होतं असं, सोडून दे. पण मामांनी सोडलं नाही. आता ते भजनाला मागं, चपलांपाशी बसत होते. "तिले शब्द देल्लो होतो जी," एवढंच म्हणाले. सगुणाबद्दल म्हणत होते.

मी काय केलं असेल? आरशाच्या दांड्यानं त्यांची दाढ ठोकून पाहिली आणि म्हणालो, "मस्त बसली, मामा."

पुढच्या महिन्यात नागपूरला मी ते दोन फोटो दाखवले. सरांनी पाठ थोपटली. जेवताना सगळ्यांनी विचारलं, कुठली जाळी वापरलीस? मी सांगितलं, माशाची. तिथं सांगताना जीभ अडखळली नाही.

त्यानंतर मामा सहा वर्षं येत राहिले. वर्षातून दोनदा, दाढ दाखवायला. हिवाळ्यात उकडलेले शिंगाडे आणायचे, पळसाच्या पानात बांधून. मी घ्यायचो, घरी न्यायचो. बायको विचारायची, कोण इतक्या प्रेमानं देतो? मी म्हणायचो, एक पेशंट आहे. एकदा मामांनी विचारलं, हा वास जातो का जी कधी? आता भातातही येतो, पाण्यातही येतो. बघा — ज्याला कसलाच वास नव्हता त्याला मी तो लावून दिला होता. त्यांचं नाक खरं होतं. त्यांचं मनही स्वच्छ होतं, माझ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ. आणि मी त्यांना म्हणालो, "जाईल हळूहळू."

सहा वर्षांत किती वेळा वाटलं असेल सांगावं? खोटं कशाला बोलू, फार वेळा नाही. पहिली दोन वर्षं वाटायचं. नंतर सवय झाली. मनाशी म्हणायचो, आता सांगितलं तर त्यांना उलट जास्त लागेल. नियम मोडला गेला हे तरी कळायला नको. ही माझी दयाबुद्धी! खरं तर मला भीती होती. मामा कुणाला सांगतील, गावात बोभाटा होईल, ढिवरटोलीतून माणसं येणं बंद होईल. मामा भांडणारे नव्हते. कदाचित नुसते बघत राहिले असते माझ्याकडे. त्याचीच भीती जास्त होती.

माशाचा नखाएवढा तुकडा, तोही अंगात विरून गेला, त्याचं एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला हे म्हणून पाहिलं आहे. तो तुकडा चार महिन्यांत विरला. माझं वाक्य विरलं नाही. माफी मी मागत नाही. ज्याच्याकडे मागायची, तो माणूस राहिला नाही.

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. तीन दिवसांचा ताप, बस. मला निरोप आला तो सकाळीच, मी दवाखाना बंद ठेवून गेलो. त्यांच्यात पुरतात. गावाबाहेर, पळसांच्या रांगेपलीकडे खड्डा तयार होता. मामांना नव्या पांढऱ्या कपड्यात निजवलं होतं. त्यांचा मुलगा रमेश कडेला उभा होता, आणि त्याच्या मुठीत कंठी होती. मला बघून तो लोकांमधून वाट काढत आला. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "बाबा सांगून गेले, माही कंठी काहाडून घेजा, मी निभावलो नाई मनून. मी काहाडली जी, पन माहं मन होऊन नाई राहिलं. आमाले तं काई दिसलं नाई कधी. तुमच्यासंग बोलत होते ते. त्यायच्या हातून काई झालतं का जी? तुमी सांगा. नसन झालं तं मी परत बांधतो."

कुणी आमच्याकडे बघत नव्हतं. रमेशच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि आशाही होती. त्याला माझ्याकडून एकच वाक्य हवं होतं, आणि ते वाक्य जगात फक्त माझ्याजवळ होतं. मामांसाठी आता ते ऐकण्यात दुखण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझा दयाबुद्धीचा बहाणाही संपला होता. रमेशनं फार तर मला शिवी दिली असती. कंठीची गाठ पुन्हा बांधली गेली असती, आणि तो माणूस बायकोला दिलेला शब्द गळ्यात घेऊन मातीत गेला असता.

मी रमेशच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "त्यांची इच्छा होती ना? मग तसंच कर."

त्यानं मान हलवली. कंठी सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि पुढं जाऊन बापाच्या पायांकडची बाजू धरली. मामांना उघड्या गळ्यानं खाली उतरवलं. मूठभर माती मीही टाकली.